बंद पानांचं पुस्तक

४ फेब्रुवारी

वन्सं,

अक्षर बघूनच कळलं असेल की पत्र तुमच्या दादाचं नाही. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि माझं म्हणजे त्या रांगेवर कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. मागच्या वेळी शेजारणीला वाटलं आपलं भांडण चाललंय, ती सोडवायला आली होती. म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतची, तीही मध्ये गोवर निघाला म्हणून अर्धीच. सांभाळून घ्या.

आधी मुद्द्याचं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी परत तपासलं. ऑपरेशनने काही होणार नाही म्हणाल्या, आतला पडदाच झिजलाय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाणार. म्हणजे यांना दाराची चौकट दिसते, माझी बाही दिसते, माझं तोंड दिसत नाही. मी म्हटलं, जन्मभर बघितलंत, आता पाठ झालं असेल. हसले नाहीत.

वन्सं, हेच तर आहे. ते हसत नाहीत आणि चिडतही नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसतात. वाढलं की जेवतात. परवा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. या माणसाने माझ्याशी सगळ्यात जास्त वाद कशावरून घातला असेल तर मिठावरून. मुकाट्याने जेवले आणि हात धुऊन उठले.

आणि आता म्हणतात, तुझ्या नणंदेला लिही, कपाट विकायचं. सगळंच्या सगळं. ज्याला वाचता येत नाही त्याने पुस्तकं ठेवायची म्हणजे बहिऱ्याने पेटी विकत घेण्यासारखं आहे. (राग मानू नका, बोलले ते लिहिलं.) पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर लोकांच्या नळांचे मीटर तपासले, आणि जे उरलं त्यातून एकेक करून ही समुद्राची पुस्तकं आणली, तुमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातूनच की बहुतेक. मी त्या कपाटाला सवत म्हणायची, तुम्हाला ठाऊकच आहे. पण सवत घराबाहेर निघायची वेळ आली तशी मला धडकी भरली. ती गेली की हे कशासाठी उठतील सकाळी?

म्हणून एक गंमत केली. दुपारी त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसले आणि वरच्या कप्प्यातलं एक पुस्तक काढून वाचायला लागले. बोट ठेवून, अडखळत. जोडाक्षर आलं की माझं जहाज खडकाला लागतं. पानभर झालं असेल, एकदम म्हणाले, "चुकलीस. शीड उतरवलं, डोलकाठी नाही. डोलकाठी उतरवली तर घरी कसे जातील?" वन्सं, कपाट विकायचं सोडलं तर स्वतःहून बोललेलं ते कितीतरी दिवसांतलं पहिलं वाक्य.

आता रोज वाचते. ती निळ्या कागदी पुठ्ठ्याची दोन आहेत ना, दक्षिणेकडच्या बर्फातल्या सफरीची, त्यातला पहिला भाग संपवला. जहाज बर्फात अडकलंय, आणि कप्तान लहान होडी घेऊन मदत आणायला निघालाय, बाकीच्यांना मागे ठेवून. मी दुसरा भाग काढायला गेले तर बोटांनी चाचपून म्हणाले, "हे नको. हे ठेव." का, तर गप्प. आता ती माणसं तिथे थंडीत बसलीत आणि मी इथे. असं कुणी मध्येच थांबवतं का?

तर गिऱ्हाईक शोधा, असं त्यांनी सांगितलंय. हळू शोधा, असं मी सांगते.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

हळू शोधणं मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, हिच्या हातात पुस्तक आलं की ते कुणाच्या कपाटात जाणार हे शिडीवरून उतरेपर्यंत ठरलेलं असतं. आता शिडी चढवत नाही, पण डोकं अजून तसंच चालतं. गिऱ्हाईक सापडलं आहे.

बोटीवरचे डॉक्टर म्हणून आहेत, निवृत्त. सगळा जन्म समुद्रावर काढून आता समुद्राची पुस्तकं जमवतात. हौस फिटत नाही काही लोकांची. दादाचं नाव काढताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "निळा दुसरा भाग अजून आहे त्यांच्याकडे?" आहे म्हटलं. तो असेल तर अख्खं कपाट घेतील, नसेल तर बाकीच्यात त्यांना रस नाही. महिनाअखेरीला येतील.

वहिनी, तुमचा जीव त्या कपाटात अडकायला लागलाय हे वाचून मला हसू आलं. पण दादाला रोज त्या काचेसमोर बसवायचं म्हणजे उपाशी माणसाला खानावळीच्या दारात बसवण्यासारखं आहे. गेलेलं बरं. एकदाच काय ते दुखेल.

पुस्तकं तयार करून ठेवा. धूळ कोरड्या मऊ फडक्याने, ओल्या अजिबात नाही. झटकू नका, पुसा. पुस्तकं शिवणीवर उभी करून ताणून उघडू नका, ती रडतात. दमटपणाने पानं एकमेकांना चिकटली असतील तर पातळ सुरीने हलक्या हाताने सोडवा. हे डॉक्टर एकेक पान उलटून बघतात, आणि चिकटलेलं पान दिसलं की नाक मुरडतात.

मिठाचं वाचून मात्र जेवण गेलं नाही मला. त्याला सांभाळा.

तुमची नणंद


२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं आणि त्याच दिवशी कामाला लागले. आज हात अवघडलेत, पण मन कसं हलकं आहे, म्हणून लगेच लिहिते.

आधी घरची खबर. काल जेवताना घास तोंडात घातला आणि म्हणाले, "मीठ विसरलीस की संपलंय?" मी इतकी खूष झाले की डबाच पुढे ठेवला. दाढी पण रोज करायला लागलेत. अंदाजाने करतात, एका बाजूचा कल्ला वर राहतो आणि एक खाली. मी काही बोलत नाही. दुपार झाली की स्वतःच विचारतात, "आज कुठल्या बंदरात?"

आता पुस्तकांचं. सगळी काढली. जुन्या धुतलेल्या चादरीच्या फडक्याने पुसली. तुम्ही म्हणालात तशी पानं उलटून बघितली. काय सांगू, एवढी जुनी पुस्तकं, पण एकाचंही पान चिकटलेलं नाही. ठेवणाऱ्याने ठेवलीत म्हणजे ठेवलीत. फक्त तो निळा दुसरा भाग. वन्सं, त्याची दशा बघवत नव्हती. एकूणएक पान चिकटलेलं, वरून आणि कडेने. आत डोकावलं तर अक्षरं दिसतात, पण पान उलटेल तर शपथ, पाकिटासारखं नुसतं फुगतं. नेमकं डॉक्टरांना हवं तेच. मला घामच फुटला.

पण मी काय सोडते? लोणी लावायची पातळ सुरी आहे ना, ती घासून घेतली. हे दुपारी झोपले की स्वयंपाकघराचं दार लोटून टेबलाशी बसायचं आणि घडीघडीत सुरी घालून सोडवायची. घाई नाही. मांडीवर कागदाचा कीस इतका पडायचा की मी नारळ खवतेय असं वाटावं. एक पान फाटलं नाही. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक आता कसं मोकळं झालंय, छातीभर श्वास घ्यावा तसं.

आणि सोडवता सोडवता वाचायला लागले. थांबवेना. त्या जहाजावरचा स्वयंपाकी, वन्सं, त्याचा तर मी फोटो लावेन घरात. सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या, दात हलायला लागलेले, हिरवं पान कुणी बघितलेलं नाही. या माणसाने चुलीजवळ एका पेटीत माती भरली आणि मोहरी पेरली. बाहेर सूर्य उगवत नाही आणि हा मोहरीला जपतोय. दोन पानं आली की आळीपाळीने एकेकाला द्यायची. एकाने चोरून खाल्ली तर त्याला काय शिक्षा केली माहीत आहे? आठवडाभर पेटीपाशी राखणीला बसवलं. मला इतकं हसू आलं की तोंडावर हात ठेवावा लागला, बाहेर हे झोपले होते.

यांना अजून काही बोलले नाही. डॉक्टर पुस्तक उघडतील, पानं भराभरा उलटतील, तेव्हाच कळू दे माझ्या हाताचं काम. कपाट जायचंच असेल तर निदान नीटनेटकं जाऊ दे. तरी पण डॉक्टरांना सर्दी होऊन ते यायचे राहिले तर मी काही रडणार नाही.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा खुर्चीत बसून.

ती पानं चिकटलेली नव्हती. ती तशीच होती. त्या काळी मोठा कागद छापून, घड्या घालून, शिवून पुस्तक द्यायचे, आणि घड्या कापायचं काम घेणाऱ्याने करायचं, वाचता वाचता. बहुतेकांनी कापल्या. या पुस्तकाच्या मालकाने कापल्या नाहीत, का कोण जाणे, आणि ते छापखान्यातून निघालं तसंच राहिलं. न कापलेला दुसरा भाग मी माझ्या आयुष्यात तो एकच बघितला. डॉक्टर काय बघायला येतायत? बंद पानं बघायला येतायत.

मी तुम्हाला दमटपणाचं लिहिलं. या धंद्यात इतकी वर्षं काढली की जगात कुणाला हे माहीत नसेल असं डोक्यातच आलं नाही.

दादाने ते घेतलं त्या दिवशी दुकानातच सुरी मागितली होती. त्याला कप्तानाचं पुढे काय झालं ते हवं होतं. मी त्याचा हात धरला. म्हटलं, दादा, वेडा आहेस का, हे एकदा कापलंस की परत होणार नाही. तेव्हापासून त्याने ते तसंच ठेवलं. त्याच्या सबंध कपाटात दुसऱ्या कुणाकडे नाही असं म्हणावं ते तेवढंच होतं, वहिनी. ते बंद होतं यावर तो जगत होता म्हणा ना.

त्याला सांगू नका. आत्ताच कुठे मीठ मागायला लागलाय. डॉक्टरांना थांबवायला बघितलं, पण ते निघून गेलेत, वाटेत मुलीकडे उतरणार आणि तिथला पत्ता माझ्याकडे नाही. आले की काहीतरी कारण सांगा. किल्ली हरवली म्हणा. मी सावरून येते, मग बघू.

तुम्हाला बोल लावत नाही.

तुमची नणंद


२ मार्च

वन्सं,

आधी हे वाचा आणि पाणी प्या. सगळं बरं आहे. आता बसून सावकाश पुढचं वाचा.

तुमचं पत्र सकाळी आलं. मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि ओट्याला धरून राहिले. बाहेरून हे विचारतात, "कुणाचं?"

"वन्संचं."

"काय म्हणते?"

"तब्येत बरी आहे म्हणतात."

किल्ली काढून मी पिठाच्या डब्यात दडवली. आणि दुपारी डॉक्टर हजर. उंच, वाकलेले, माझ्यापेक्षा हळू चालणारे. पुस्तकांना हात लावायच्या आधी विचारलं, हात कुठे धुऊ. मला तो माणूस तिथेच आवडला, आणि तिथेच जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, "डॉक्टर, काय सांगू, कपाटाची किल्ली कुठे गेलीय कळत नाही."

हे खुर्चीतून म्हणाले, "कपाटाला कुलूप कधी लागलंय? जरा ओढा, उघडतं."

उघडलं. मेलं पहिल्या झटक्यात उघडलं.

मी चहा ठेवायला आत गेले आणि लगेच बाहेर आले, चहा न ठेवता. डॉक्टरांनी आधी पहिला भाग बघितला, मान डोलावली. मग दुसरा घेतला. उघडला. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले, नुसते, आवाज न करता. त्या भल्या माणसाला कळलं. पण हात चाललेच होते, सवयीने, आणि पान उलटल्याचा आवाज होतो, वन्सं. तुम्ही-आम्ही लक्ष देत नाही. यांनी मान वर केली.

"डॉक्टर, तुमच्या हातात आत्ता कुठलं आहे?"

"निळा दुसरा भाग."

"पानं उलटतायत."

मग मीच म्हटलं, "मी उघडली."

"किती?"

"सगळी. वन्संनी लिहिलं होतं चिकटलेली असतील तर सोडवा म्हणून." तुमचं नाव मध्ये घातलं, काय करणार, बुडताना जे हाताला लागेल ते.

यांनी माझी बाही दिसावी म्हणून मान जरा वाकडी करतात ना, तशी केली. मला वाटलं आता हा माणूस परत खिडकीकडे वळेल आणि पुन्हा काही मागणार नाही. मग म्हणाले, "नुसती उघडलीस की वाचलीस पण?"

"वाचली."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"मग कप्तान परत आला का त्यांना न्यायला?"

वन्सं, तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. मी म्हटलं, "सांगू की वाचू?"

जरा विचार केला. म्हणाले, "आधी सांग. वाच मग."

"आला. दुसऱ्या उन्हाळ्यात आला. सगळे जिवंत होते. एक सुतार सोडून, पण तो म्हातारा होता आणि अंथरुणात गेला. स्वयंपाक्याने मोहरी पेरली होती."

यांनी श्वास सोडला, तो मला पुस्तकाच्या कपाटापर्यंत ऐकू आला. डोळे पुसले. मग हसायला लागले. म्हणाले, "बरं झालं. मला आपलं वाटायचं, मी पानं कापत नाही म्हणून ते तिथे बसलेत." आणि परत परत तेच, "बरं झालं. मोहरी? बरं झालं बाई."

मी तिथेच स्टुलावर बसले.

डॉक्टरांनी पुस्तक मिटून यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "मी ज्यासाठी आलो ते आता यात नाही. पण एवढ्या लांब आलोय तर त्या मोहरीचं ऐकून जातो." हे म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला फुकटची खेप पडली. कपाटही विकायचं नाही." डॉक्टर म्हणाले, "ते मी आत आल्यावर पाचव्या मिनिटाला ओळखलं." कसं ओळखलं ते नाही सांगितलं. मग मी चहा केला आणि वाचलं. दोन म्हातारे दोन बाजूंना, मी मध्ये. मी जोडाक्षराला अडले की दोघं एकदम सांगायचे आणि मग कोण बरोबर यावर भांडायचे. डॉक्टरांनी बर्फात हिवाळा काढलाय म्हणे एकदा. हिरड्यांचं ऐकलं आणि स्वतःचा एक दात दाखवला.

तुम्ही काळजी करत धावत येऊ नका. सावकाश या, राहायला या.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

पाणी प्यायले. मग चहाही प्यायले. मग दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि मनसोक्त रडून घेतलं, आणि नंतर दुपारभर गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलले की एकाने विचारलं, बाई बऱ्या आहात ना.

डॉक्टर परतताना इथे दुकानात येऊन गेले. मी तोंड लपवणार होते, तर तेच म्हणाले, "तुमच्या वहिनींनी पुस्तक बिघडवलं, पण कडा काय सरळ कापल्यात." या माणसाकडून एवढं म्हणजे सोन्याचं कडं समजा.

एक सांगते ते दादाला सांगू नका, किंवा सांगा. मी त्याचा हात धरला ते धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. आजही धरेन. तरी तुम्ही कापलंत ते बरं झालं, या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्यात आणि भांडत नाहीत, याचंच नवल वाटतं.

आता कामाचं. उत्तरेकडची वाट शोधायला गेलेल्या तीन जहाजांच्या सफरीचं पुस्तक दुकानात आलंय. पहिली छपाई, नकाशे सगळे जागेवर, कसर लागलेली नाही, शिवण मूळची. असं परत येत नाही. अक्षर बारीक आहे, पण त्या काळी तसंच छापायचे. त्याच सफरीची नंतरची एक शाळकरी छपाईही पडून आहे, ठसठशीत अक्षरातली, पुठ्ठा फाटलेला, नकाशे नाहीत. ती मी मोजतही नाही, तुम्हाला नुसतं सांगितलं. पहिली बाजूला काढून ठेवते. दादाला विचारा आणि कळवा.

तुमची नणंद


१६ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. सोन्याच्या कड्याचं दोनदा वाचलं. उत्तर त्यांनी सांगितलंय, मी लिहून घेतेय:

"अगं, पहिली छपाई डॉक्टरांना दे, त्यांची खेप तेवढी तरी वसूल होईल. मला ती शाळेची पाठव. बारीक अक्षर आलं की ही पुस्तक घेऊन खिडकीशी जाते उजेडाला, आणि मला हिचा आवाज लांब पडतो. नकाशे नसले तर नसू देत, ते मला पाठ आहेत, मी हिला टेबलावर बोटाने काढून दाखवीन. लवकर पाठव. आमच्याकडचं आता संपत आलंय."

मजकूर त्यांचा आहे, मी पदरचं काही घातलेलं नाही. तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून सांगते. मी विचारलं, अहो, पण त्याचा पुठ्ठा फाटलाय म्हणतात वन्सं, चालेल का? तर म्हणाले, चालेल.

मी परत विचारून घेतलं. चालेल म्हणाले.

वहिनी